सात अंगठ्या म्हणजे हॉल ऑफ फेम नव्हे

‘बास्केटबॉलपटू रॉबर्ट हॉरीकडे एनबीएची (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) ७ विजेतेपदं आहेत, म्हणजे तो हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या सन्मान-यादीत) असणारच,’ असं वर्षानुवर्षं बोललं जातं. २०२५पर्यंत तरी तो तिथे नाही. विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्या मोजून तिथे प्रवेश मिळत नाही. बोस्टन सेल्टिक्स संघाचा जिम लॉस्कटॉफही ७ वेळा जिंकूनही बाहेरच राहिला. हॉरीची सरासरी सामन्यामागे ७ गुण, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवड एकदाही नाही. आणि संघात सोबतीला ओलाजुवान, शकील ओ’नील, डंकन यांच्यासारखे दिग्गज!

पण २००२च्या प्लेऑफमधला (बाद फेरीतला), हॉरी लेकर्सकडून खेळला तो सॅक्रामेंटोविरुद्धचा चौथा सामना आठवा. सॅक्रामेंटोच्या दिवाट्सने बाहेर टोलवलेला चेंडू थेट हॉरीच्या हातात आला, त्याने तिथूनच थ्री-पॉइंटर (तीन गुणांचा लांबचा बास्केट) टाकला, भोंगा वाजला, लेकर्स १००-९९ने जिंकले. माझ्या मते त्याचा दावा अंगठ्यांवर नाही, अशा चेंडूंवर उभा राहायला हवा.