नवा इअरफोन घ्यायचा की जुन्याची जाळी पुसायची?

सोलापूरच्या चाटी गल्लीत चादर घेणारं गिऱ्हाईक ती आधी उलटून बघतं. जेकॉर्ड मागावर विणलेल्या सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही अंगांनी दिसते, फक्त रंग उलटे होतात. मग वजन हातावर तोलायचं, वीण चिमटीत धरायची आणि तेव्हा कुठे भाव विचारायचा. हेच गिऱ्हाईक नवी पेठेतल्या दुकानात कानातला इअरफोन घेताना मात्र खोक्यावरचे आकडे वाचतं. १० मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर), एका बाजूला पाच ड्रायव्हर, वर ‘हाय-रेस’चं सोनेरी स्टिकर.

यातल्या एकाही आकड्यावरून आवाज कसा आहे ते कळत नाही. १० मिलिमीटर ही पडद्याची रुंदी झाली. ६ मिलिमीटरचा नीट जुळवलेला पडदा त्याहून सरस वाजू शकतो. पाच ड्रायव्हर घातले की त्यांच्यात सूर वाटून द्यावे लागतात आणि ती वाटणी फसली तर एकाच गायकाचा आवाज दोन ठिकाणांहून आल्यासारखा वाटतो. किमतीचंही तसंच. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. कोणता सूर किती जोरात वाजतो (याला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात) आणि हेडफोनची किंमत किती, यांचा संबंध काही लागला नाही. जास्त पैशांत जास्त चांगली बांधणी, केबल, डबी, वॉरंटी मिळत असेल. आवाज मिळेलच असं नाही.

म्हणून आधी तक्रार नेमकी करा. ‘आवाजात मजा नाही’ एवढ्यावर काही करता येत नाही. चांगल्या ध्वनिमुद्रणातला एखादा अभंग लावा. तपासणीला याहून सोयीचं काही नाही, कारण त्यात तळापासून टोकापर्यंत सगळं सापडतं. पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू १०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या) आतबाहेर घुमते. गाणाऱ्याच्या आवाजाचा गाभा २०० ते १००० हर्ट्झमध्ये असतो, शब्द स्पष्ट करणारा भाग २००० ते ४००० मध्ये, ‘स’ आणि ‘श’चा सिसकारा ५००० ते ८००० मध्ये, आणि टाळांची किणकिण त्याच्याही वर पसरते. आता सांगा, पखवाज पोकळ वाटतो का? शब्द पडद्याआडून येतात का? ‘स’ टोचतो का? की एकाच कानात आवाज कमी आहे? या तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि बहुतेकांवरचा इलाज दुकानात नाही.

सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार पोकळ पखवाजाची. बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा नसून कानात न बसलेल्या रबराचा असतो. कारण समजायला सोपं आहे. कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब. इअरफोन आत गेला की त्याचं रबरी टोक आणि कानाचा पडदा यांच्यात जेमतेम एखादा घन सेंटिमीटर हवा कोंडली जाते. ड्रायव्हरचा पडदा केसाएवढाही हलत नाही, पण तेवढी हवा दाबायला ते पुरतं. आता रबराच्या कडेला बारीकशी फट राहिली असं समजा. खालच्या सुरात दाब सावकाश चढतो-उतरतो, त्यामुळे हवेला फटीतून निसटायला वेळ मिळतो आणि दाब तयारच होत नाही. वरच्या सुरात दाब सेकंदाला हजारो वेळा पालटतो. फटीतल्या हवेला एवढ्या चपळाईने हलता येत नाही, म्हणून वरचे सूर शाबूत राहतात. फट आवाज सगळीकडून कमी करत नाही, फक्त तळ काढून घेते. मग आपण बास वाढवतो, तोही निसटतो, आणि इअरफोन ‘पातळ’ ठरतो.

फट आहे का हे गाणं न लावताही कळतं. दोन्ही इअरफोन कानात घाला, काही वाजवू नका, ओठ मिटून ‘म्म्म’ म्हणा. स्वतःचा आवाज डोक्याच्या मधोमध, मोठा आणि घुमल्यासारखा यायला हवा. हाडांमार्फत कानात आलेला आवाज बाहेर पडू शकत नाही म्हणून तो घुमतो. एका बाजूला तो फिका वाटला तर त्या बाजूला फट आहे. खात्री करायची तर टोन जनरेटरचं कुठलंही मोफत अ‍ॅप घेऊन ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि इअरफोन बोटाने किंचित आत दाबा. दाबल्यावर सूर एकदम फुगला तर रबर बदला.

रबर म्हणजे सिलिकॉन टिप. खोक्यात तीन जोड्या असतात आणि बहुतेक लोक बसवून आलेली मधली जोडीच आयुष्यभर वापरतात. दोन्ही कान सारखे नसतात, त्यामुळे डाव्याला मोठा आणि उजव्याला मधला टिप लागला तर त्यात गैर काही नाही. घालताना दुसऱ्या हाताने बाहेरचा कान वर आणि मागे ओढायचा. नळी सरळ होते आणि टिप खोल बसतो. सिलिकॉन जमतच नसेल तर फोमचे टिप घ्या. ते बोटांत दाबून बारीक करायचे, कानात घालायचे आणि १५-२० सेकंद बोट ठेवून फुलू द्यायचे. फोम घाम पितो आणि काही महिन्यांत कडक होतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात जरा लवकरच. विकत घेण्याआधी आपल्या इअरफोनच्या नळीची जाडी मोजा. ती साधारण ४ ते ६ मिलिमीटरच्या दरम्यान असते. सैल बसलेला टिप कानातच राहून जातो आणि मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं लागतं.

एका कानात आवाज कमी असेल तर आधी फोन बघा. सेटिंग्जमध्ये सुलभतेच्या (अ‍ॅक्सेसिबिलिटी) पर्यायांत डाव्या-उजव्या बाजूचा तोल बदलणारी एक पट्टी असते. ती चुकून सरकलेली असते आणि माणूस वर्षभर इअरफोनला शिव्या देत बसतो. पट्टी मधोमध असेल तर टिप काढून नळीच्या तोंडाची जाळी उजेडात धरा. स्वच्छ जाळीचं प्रत्येक छिद्र चमकतं. मळ साचलेल्या जाळीवर पिवळसर, मेणचट थर दिसतो, बहुधा एका कडेला जास्त. तो आधी वरचे सूर खातो आणि मग एकूण आवाज. इअरफोनचं तोंड जमिनीकडे ठेवा, म्हणजे सुटलेला मळ आत पडणार नाही, आणि लहान मुलाच्या मऊ, कोरड्या टूथब्रशने हलकेच झाडा. थर हलत नसेल तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावून, जादाचं टिपून, जाळीवर ती नुसती टेकवा आणि इअरफोन अर्धा तास तसाच उलटा वाळू द्या. सुई, टाचणी, फुंकर यांतलं काही नको. सुई जाळी फाडते आणि फुंकर मळ थेट ड्रायव्हरवर नेते. बाहेरच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र असतं, तेही बुजलेलं नाही ना ते बघा. ती हवेची वाट आहे. बुजली की त्या बाजूचा तळ बदलतो. जाळी साफ करूनही कान बंदच वाटत असेल तर मळ कानात असेल. तो कापसाच्या काडीने आणखी आत जातो, तेव्हा डॉक्टरांकडून काढून घ्या.

वायरच्या इअरफोनात आवाज येतो-जातो असं होत असेल तर केबल प्लगच्या मुळाशी किंवा दोन फाटे फुटतात तिथे तुटलेली असते. केबल निघणारी असेल (दोन पिनांची ०.७८ मिलिमीटरची किंवा एमएमसीएक्स पद्धतीची) तर नुसती केबल बदला. निघणारी नसेल तर नवा प्लग डाग देऊन (सोल्डर करून) बसवता येतो. मात्र आतल्या तारांवर लाखेचं आवरण असतं. ते कथिलाच्या तापलेल्या थेंबात जाळल्याशिवाय डाग धरत नाही. ‘जोडून दिलं तरी वाजत नाही’ याचं कारण बहुतेक वेळा हेच.

‘स’ टोचण्याचा इलाज अर्धा कानात आहे आणि अर्धा फोनमध्ये. इअरफोन आणि कानाचा पडदा यांच्यातल्या अंतरावर एक अनुनाद होतो, म्हणजे एक ठरावीक सूर आपोआप चढतो. अंतर २० मिलिमीटर असेल तर तो साधारण ८५०० हर्ट्झला येतो, इअरफोन खोल घातला की आणखी वर सरकतो. म्हणजे टिप बदलला की टोचण्याची जागाही बदलते, आणि कुणाच्या तरी मोजमापाच्या आलेखात दिसलेलं ८००० जवळचं शिखर तुमच्या कानात तिथे असेलच असं नाही. टिप बदलूनही टोचत असेल तर इक्वलायझरमध्ये (वेगवेगळे सूर कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांत) ६००० ते ८००० हर्ट्झचा भाग ३-४ डेसिबलने कमी करा. कमी करणं वाढवण्यापेक्षा केव्हाही बरं. वाढवायचंच असेल तर जितके डेसिबल वाढवाल तितकेच एकूण पातळीतून आधी वजा करा. नाहीतर मोठ्या ठोक्यांना आवाज फाटतो आणि दोष पुन्हा इअरफोनच्या माथी येतो.

अ‍ॅम्प्लिफायर घ्या असा सल्ला मिळेल. त्याआधी हिशोब करा. खोक्यावर १६ ओहम आणि १०५ डेसिबल प्रति मिलिवॉट असं लिहिलं असेल तर ८५ डेसिबलला फक्त ०.०१ मिलिवॉट लागतो, म्हणजे जेमतेम ०.०१३ व्होल्ट. गाण्यातले चढ त्याहून २० डेसिबलने वर गेले तरी ०.१३ व्होल्टमध्ये भागतं. साधा फोन किंवा टाइप-सीचा छोटा डोंगल याच्या कितीतरी पट देतो. अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे वाचवा.

बिनतारी इअरफोनचं गणित निराळं, कारण तिथे आवाजाआधी बॅटरी जाते. एकेका बाजूत साधारण ३० ते ६० मिलिअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी असते. काही शे चार्जिंगनंतर तिची धारण घटते, आणि उष्णतेत त्याहून लवकर. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असताना उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत डबी ठेवणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य हाताने कापणं. एक बाजू दुसरीच्या अर्ध्या वेळात बंद पडत असेल तर आधी चार्जिंगच्या पिना बघा. वाळलेल्या घामाचं मीठ तिथे बसतं आणि ती बाजू डबीत पूर्ण चार्जच होत नाही. आयपीएक्स४ हा शिक्का पाण्याच्या शिंतोड्यांबद्दल आहे, मिठाबद्दल नाही. पिना अल्कोहोलने पुसूनही फरक पडला नाही तर मात्र बॅटरी गेली, आणि असा संच उघडून दुरुस्त करणं बहुधा परवडत नाही. इथे नवा घेणं रास्त आहे.

नवा घ्यायचं दुसरं रास्त कारण बाहेरचा गोंगाट. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला नेहमी जाणाऱ्याला आवाज रद्द करणारा इअरफोन खरोखर उपयोगी पडतो. चाकांची आणि पंख्यांची संथ घरघर खालच्या सुरातली असते, आणि ही यंत्रणा साधारण १००० हर्ट्झच्या खालीच चांगली चालते. शेजारच्या सीटवरची बडबड ती थांबवत नाही. ते काम नीट बसलेल्या टिपचं.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र हे वापरू नका. तिथला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि गाणं ऐकू यावं म्हणून लोक त्यावर आणखी आवाज चढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. दर ३ डेसिबलला ही मुभा निम्मी होते. शेडमध्ये कान झाकणारी साधी संरक्षक साधनं घाला, गाणी घरी. आणखी एक गोष्ट, पाळीवरून आल्या आल्या कुठलाही इअरफोन जोखू नका. गोंगाटानंतर कान काही तास ४००० हर्ट्झच्या आसपास मंद झालेले असतात आणि त्या वेळी प्रत्येक इअरफोन बोथट वाटतो. रात्रभर झोपा, सकाळी ऐका.

दोन इअरफोन शेजारी ठेवून ऐकताना कान हमखास फसतो. जो एक-दोन डेसिबलने मोठा वाजतो तोच ‘जास्त स्वच्छ’ आणि ‘जास्त भरीव’ वाटतो, कारण आवाज मोठा झाला की खालचे सूर कानाला प्रमाणाबाहेर जास्त ऐकू येतात. दुकानदार आवाज चढवून दाखवतो तेव्हा हेच होतं. १००० हर्ट्झचा सूर दोन्हींत सारखाच मोठा वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवा आणि मग तोच अभंग लावा. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये डेटा बचत चालू राहिली नाही ना, तेही बघा. कोडेकच्या (बिनतारी आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीच्या) अक्षरांना फार भाव देऊ नका. एलडॅक हा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो खरा, पण आयफोन तो देतच नाही, आणि गर्दीच्या ठिकाणी तो स्वतःहून ६६० किंवा ३३० वर उतरू शकतो.

एवढं करूनही नवा घ्यायचा ठरला तर वायरचा, निघणाऱ्या केबलचा, दोन हजारांच्या आतबाहेरचा संच बहुतेकांना पुरतो. घरी आणल्या दिवशीच टिप बसवून ‘म्म्म’ म्हणून बघा, मग १००० हर्ट्झचा सूर लावा. तो डोक्याच्या मधोमध न येता एका बाजूला झुकत असेल तर इअरफोनची डावी बाजू उजव्या कानाला आणि उजवी डाव्या कानाला धरून पुन्हा ऐका. झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष कानाचा नाही, इअरफोनचा किंवा फोनचा आहे. तोल मधोमध ठेवलेल्या दुसऱ्या फोनवरही तसंच झालं तर नग बिलासकट परत करा. नव्या मालातही असे नग निघतात, आणि परतीची मुदत बहुधा आठवड्याभराचीच असते.