‘सिक्स-जी सर्टिफिकेट’ आणि ‘सिक्स-जी टेस्ट’: वेल्डिंगमध्ये शिरणाऱ्याने कशासाठी पैसे मोजावेत?

गेल्या पावसाळ्यात भोसरीला आमच्या शॉपमध्ये एक मुलगा टेस्ट द्यायला आला. परभणीकडचा, वीस-एकवीस वर्षांचा. पिशवीतून त्याने जपून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. त्यावर ठळक अक्षरांत ‘६जी सर्टिफाइड वेल्डर’. ६जी म्हणजे तिरक्या बांधलेल्या पाइपचा जोड वेल्ड करायची अवघड टेस्ट. दीड महिन्याच्या खासगी क्लासला पंचेचाळीस हजार भरले होते आणि त्यासाठी घरची म्हैस विकली होती. मी स्टँडवर पाइप लावायला सांगितला तेव्हा तो गोंधळला. “साहेब, माझी सिक्स-जी झालीय की. परत कशाला?”

हा प्रश्न मला वर्षातून दहा-पंधरा मुलं विचारतात. त्यांची चूक नसते. दोन वेगळ्या गोष्टींना बाजारात एकच नाव पडलंय, आणि त्या गोंधळावर काही जणांचे क्लास चालतात. म्हणून दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून सांगतो.

पहिला कागद शिक्षणाचा. तुम्ही अमुक ठिकाणी अमुक दिवस शिकलात, एवढंच तो सांगतो. आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र याच जातीचं, आणि त्याला वजन आहे. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत, अप्रेंटिसच्या भरतीत ते मागतात आणि ते जन्मभर चालतं. वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो आणि सरकारी आयटीआयची फी खासगी क्लासच्या मानाने किरकोळ असते. खासगी क्लासचा कागदही याच जातीचा, फक्त त्याच्यामागे कुठलंही परीक्षा मंडळ नसतं. त्यावर ‘६जी’ छापलं म्हणून त्याची जात बदलत नाही.

दुसरा कागद परीक्षेचा. आम्ही त्याला डब्ल्यूक्यूटी म्हणतो, म्हणजे वेल्डर क्वालिफिकेशन टेस्ट. प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणाऱ्या टाक्या) आणि पाइपिंगच्या कामात बहुतेक ठिकाणी एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेच्या कोडचा सेक्शन नाइन लागू असतो. त्याप्रमाणे वेल्डरची टेस्ट घेण्याची जबाबदारी काम करणाऱ्या कंपनीची किंवा कंत्राटदाराची असते. म्हणजे माझ्या कंपनीचं वेल्ड फुटलं तर उत्तर माझ्या कंपनीने द्यायचं, म्हणून माणूसही आम्हीच तपासून घ्यायचा. एका कंपनीची टेस्ट सहसा दुसऱ्या कंपनीत चालत नाही. पंधरा वर्षं पाइपवर काढलेला मिस्त्रीसुद्धा नव्या साइटवर गेला की पुन्हा स्टँडसमोर उभा राहतो, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही.

आता ६जी म्हणजे काय ते जवळून बघा. आमच्याकडे ६ इंची, शेड्यूल ८० पाइपचे दोन तुकडे घेतात. बाहेरचा व्यास १६८ मिमी, भिंत सुमारे ११ मिमी जाड. दोन्ही कडांना ३७.५ अंशांचा बेव्हल, म्हणजे तिरका काप, मध्ये अडीच-तीन मिमी गॅप. हा पाइप ४५ अंशांत तिरका बांधतात. तो फिरवायचा नाही, तुम्ही त्याच्याभोवती फिरायचं. त्यामुळे एकाच जोडात ओव्हरहेड (डोक्यावरचं) येतं, व्हर्टिकल (उभं) येतं, आडवंही येतं, आणि प्रत्येक इंचाला मनगटाचा कोन बदलावा लागतो. रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, आर्गनने (टिग वेल्डिंगने), वर ७०१८ नंबरच्या रॉडचे रन, म्हणजे थर, शेवटी सगळ्यांत वरचा थर, कॅपिंग. मग डोळ्यांनी तपासणी, आणि त्यातून उतरलं तर जोडातून चार पट्ट्या कापून त्या १८० अंशांत वाकवतात. दोन पट्ट्यांत रूटची बाजू ताणली जाते, दोनांत वरची. वाकवलेल्या पृष्ठभागावर ३ मिमीपेक्षा मोठी चीर उघडली की नापास. लगेच फेरपरीक्षा हवी असेल तर एकाऐवजी दोन जोड करून दोन्ही पास करावे लागतात.

पास झाल्यावर जो कागद तयार होतो, त्यात तुमच्या नावाइतक्याच ठळकपणे मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि नवख्यांना हेच माहीत नसतं. ६ इंची पाइपवर पास झालात तर ७३ मिमी आणि त्यावरच्या व्यासाला तुम्ही चालता. २ इंची पाइपचं बाहेरचं माप ६०.३ मिमी असतं, म्हणजे तो तुमच्या हद्दीत येत नाही. त्यासाठी वेगळी टेस्ट. जाडीचंही तसंच. रूटला आर्गनचा ३ मिमी थर दिला असेल तर आर्गनसाठी तुमची मर्यादा ६ मिमी, म्हणजे दुप्पट. खालून वर चढत वेल्ड केलं असेल तर वरून खाली उतरत करायची परवानगी त्यात नाही. आणि ज्या प्रोसेसची टेस्ट दिली, तिचं काम सलग सहा महिने केलं नाही तर ती टेस्ट संपते. लॅमिनेट करून भिंतीवर टांगायचा हा कागद नाहीच. चालू कामाचा हा हिशेब आहे.

त्या मुलाच्या कागदावर व्यास नव्हता, जाडी नव्हती, रॉडचा प्रकार नव्हता, बेंड टेस्टचा निकालही नव्हता. होतं ते फक्त क्लासचं बोधचिन्ह.

बॉयलरचं मात्र वेगळं आहे, तेवढं लक्षात ठेवा. वाफेच्या बॉयलरवर आणि वाफेच्या लाइनवर काम करायचं तर भारतीय बॉयलर नियमांप्रमाणे वेल्डरला बॉयलर खात्याचं प्रमाणपत्र लागतं. साइटवर त्यालाच ‘आयबीआर वेल्डर’ म्हणतात. तो कागद खात्याकडूनच मिळतो, क्लासवाल्याकडून नाही. अनुभव गाठीला आल्याशिवाय त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मग पैसे नसलेल्याने सुरुवात कुठून करायची? माझं मत सरळ आहे. पहिला कागद स्वस्तात मिळवा, दुसऱ्यासाठी एक रुपयाही देऊ नका, आणि मधला सगळा जीव हातावर लावा.

आयटीआयला जाता येत असेल तर जा. पोट भरायचं असल्याने जाता येत नसेल तर अप्रेंटिसची भरती बघा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे शिकणाऱ्याला कंपनीने विद्यावेतन द्यावंच लागतं. काही ठिकाणी आयटीआय न झालेल्यालाही घेतात. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आठवी पासच्या गटात वेल्डरची अप्रेंटिस भरती निघत आली आहे. अप्रेंटिस पूर्ण करून परीक्षा पास झालात की राष्ट्रीय अप्रेंटिस प्रमाणपत्र मिळतं. त्याला आयटीआयच्या कागदासारखाच मान आहे, वर पगारी अनुभव.

तिसरी वाट हेल्परची. भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडबाहेर ‘हेल्पर पाहिजे’ची पाटी दिसते. या वाटेने कितीतरी उत्तम वेल्डर घडले. पण तिच्यात एक खड्डा आहे. ग्राइंडर मारण्यात आणि रॉड आणून देण्यात तीन वर्षं जातात आणि होल्डर, म्हणजे रॉड धरायची मूठ, हातात येतच नाही. म्हणून कामाला लागतानाच मिस्त्रीशी बोलून ठेवा: सुट्टी झाल्यावर अर्धा तास भंगाराच्या तुकड्यांवर रन मारायला द्याल का? चांगला मिस्त्री नाही म्हणत नाही. जो सहा महिने टाळतो, त्याची शेड सोडा. आणि टॅक (तुकडे जागेवर धरणारा छोटा ठिपका) मारताना ‘एकच तर आहे’ म्हणून उघड्या डोळ्यांनी बघू नका. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, पाणी थांबत नाही. हेल्परलाही काळी काच हवीच. मालक देत नसेल तर पहिल्या पगारातून घ्या.

त्या अर्ध्या तासात काय करायचं? पाइपकडे बघूसुद्धा नका. ६०१३ चा ३.१५ मिमीचा रॉड, ११० अँपिअरच्या आसपास करंट आणि ८-१० मिमीची प्लेट. आधी सपाट प्लेटवर सरळ रन. आर्क जवळ धरलात तर आवाज एकसारखा तडतडत राहतो, लांब गेला की तो फाटतो आणि स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचे शिंतोडे, उडतो. डोळे आर्कवर ठेवू नका, मागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवा. मग दोन पट्ट्या उलट्या ‘टी’सारख्या उभ्या करून फक्त एका बाजूने फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला वेल्ड, मारा. थंड झाल्यावर वेल्ड नसलेल्या बाजूने उभ्या पट्टीवर घणाचे घाव घालून ती वेल्डच्या अंगावर पाडा. जोड तुटला की आत बघा. रूटच्या रेषेत पट्टीची मूळ, न वितळलेली धार तशीच दिसत असेल तर वरून कितीही देखणा दिसणारा तो रन फक्त चिकटला होता. स्लॅगची (वेल्डवर जमणाऱ्या मळीची) काळी रेघ दिसली तर साफसफाई कमी पडली. ही परीक्षा फुकट आहे, आणि लॅबमधल्या बेंड टेस्टइतकीच खरं बोलते.

फिलेट टिकायला लागली की उभी प्लेट, मग ओव्हरहेड, मग पाइप. पहिल्या नोकरीत बहुतेकांना फिलेटच मारायची असते: गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सीओटू वेल्डिंग मशीनवर, शेडच्या स्ट्रक्चरमध्ये रॉडवर. तिथे ६जी कुणी विचारत नाही. ६जी लागते ती पाइपिंगला, आणि तिथवर पोचलेल्याला टेस्टचा पाइप, रॉड आणि लॅबचा खर्च कंपनी देते.

ज्यांची दहा वर्षं शेडमध्येच गेली आणि हातात एकही कागद नाही, त्यांनी आरपीएलची चौकशी करावी. म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायचं. २०१५ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतून ही सोय आली.

त्या मुलाचा पाइप पहिल्याच दिवशी गेला. बेंडपर्यंत पोचलाच नाही. सहा वाजताच्या जागी, म्हणजे पाइपच्या पोटाला, रूट आत ओढला गेला होता. टॉर्च लावून त्यालाच दाखवला. बराच वेळ तो पाइपच्या आत बघत राहिला. मग मी त्याला हेल्पर म्हणून ठेवून घेतलं, रोज संध्याकाळी अर्धा तास होल्डर देण्याच्या बोलीवर. पहिल्या महिन्यात त्याने तोडलेल्या प्रत्येक फिलेटमध्ये कोरी धार निघायची. मागच्या शनिवारी त्याने उभ्या प्लेटवरची फिलेट तोडली. रूट या टोकापासून त्या टोकापर्यंत वितळलेला होता. तो तुकडा त्याने खिशात घालून खोलीवर नेला. सोमवारपासून ओव्हरहेड.