एनॅमल चढवलेली बिडाची भांडी

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भांड्यावर आतून-बाहेरून काचेचा पातळ थर (एनॅमल) भाजून बसवला की ही भांडी तयार होतात. घट्ट झाकणाचे, दोन कानांचे जाड बुडाचे पातेले हे त्यांचे सर्वांत परिचित रूप. काचेची भुकटी पाण्यात कालवून ओतीव भांड्यावर फवारतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. भुकटी वितळून लोखंडाला घट्ट धरते.

वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने १७०७ मध्ये घेतले होते. एनॅमलच्या पातेल्याला घरोघरी नाव मिळाले ते मात्र फ्रान्समुळे. १९२५ मध्ये आर्मां देसेगर हा ओतकामातला जाणकार आणि ऑक्ताव्ह ओबेक हा एनॅमलमधला, अशा दोघा बेल्जियन उद्योजकांनी उत्तर फ्रान्समधील फ्रेनॉय-ल-ग्राँ येथे ‘ल क्रूझे’ ही कंपनी सुरू केली. तिचा नारिंगी रंग आजही ओळखीचा आहे. फ्रान्सच्याच अल्सास प्रांतातील ‘स्टाउब’ ही कंपनी १९७४ ची. तिच्या झाकणाला आतून बारीक टोके असतात. वाफ त्यांवर थेंब होऊन साचते आणि रश्शावर सर्वत्र ठिबकते.

या भांड्यांचे आकर्षण मुख्यतः साध्या बिडाच्या कटकटींतून सुटका होण्यात आहे. साधे बीड गंजते, तेल मुरवून वापरायोग्य करावे लागते, आणि त्यात टोमॅटो किंवा व्हिनेगर घालून तासभर शिजवले तर पदार्थाला लोखंडाची चव येते. एनॅमलखाली लोखंड झाकलेले राहते, त्यामुळे आंबट पदार्थ बिनधास्त शिजवता येतात. अर्थात पदार्थात लोह उतरावे म्हणून बीड वापरणाऱ्यांना याचा उपयोग नाही.

‘बीड सगळीकडे सारखे तापते’ ही जाहिरातीतली समजूत मात्र फसवी आहे. बिडाची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या जेमतेम चौथा हिस्सा. लहान बर्नरवर मोठे पातेले ठेवून लगेच कांदा टाकला, तर मधला तांबूस होतो आणि कडेचा पांढराच राहतो. मंद आचेवर आधी दहा मिनिटे तापू दिले की हा फरक बराच कमी होतो. बिडाची खरी ताकद उष्णता धरून ठेवण्यात आहे. जाड, जड बुडात ती इतकी साठते की मांसाचे गार तुकडे टाकले तरी भांडे पटकन थंडावत नाही, आणि मंद उकळी आच थोडी कमीजास्त झाली तरी टिकते. आतला थर फिकट असेल तर तळाला लागलेला खरपूस साका करपण्याआधी दिसतो. काळ्या थराच्या भांड्यात तेवढे नीट दिसत नाही. ओव्हनमध्ये झाकण ठेवून पाव भाजताना पिठातली वाफ आत कोंडली जाते. त्यामुळे कवच लवकर कडक होत नाही आणि पाव फुगायला अवधी मिळतो.

एनॅमल म्हणजे नॉनस्टिक नव्हे. अंडे त्याला चिकटते. शिवाय ती काच आहे. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतले, रिकामे भांडे मोठ्या आचेवर ठेवले किंवा ते फरशीवर आपटले, तर तिला चिरा जातात, टवके उडतात. टवका आतल्या बाजूने उडाला तर ते भांडे स्वयंपाकातून काढलेले बरे, कारण काचेचे कण अन्नात येऊ शकतात आणि तो थर घरी पुन्हा बसवता येत नाही. वजनाची तक्रारही खरी: पाच लिटरचे पातेले झाकणासह रिकामेच पाच किलोंच्या आसपास भरते, आणि रश्शाने भरलेले ओव्हनमधून काढायला दोन्ही हात लागतात. झाकणाची मूठ प्लास्टिकची असेल तर ती किती तापमान सोसते हे आधी पाहावे. धातूच्या मुठीला ही अडचण नसते.