जवसाचं तेल आणि रोहूचं जिरं

पावसाळ्याच्या तोंडावर रोहू-कटल्याच्या मादीला अंडी घालण्यासाठी संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की सगळ्यांचं लक्ष हॅचरीच्या कुंडाकडे लागतं. जिरं, म्हणजे नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं, किती तगणार, हे मात्र बरंचसं फेब्रुवारी ते मे या काळात तिने काय खाल्लं यावर ठरून गेलेलं असतं. या महिन्यांत मादीच्या यकृतात व्हिटेलोजेनिन हे बलकाचं प्रथिन तयार होतं आणि रक्तावाटे अंडाशयात जाऊन अंड्यात बलक भरतं. त्या बलकात स्निग्धाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) असतात. पिल्लू १५ ते १८ तासांत अंड्याबाहेर येतं, पण खायला लागेपर्यंत साधारण तीन दिवस जातात. तोवर मेंदू, डोळे, पेशींची आवरणं सगळं या बलकावरच घडतं.

डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यासाठी लागतं. अ‍ॅरॅकिडॉनिक या ओमेगा-६ आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ही संप्रेरकासारखी द्रव्यं बनतात. अंडी सुटणं त्यांच्यावर अवलंबून असतं. ईपीए हे दुसरं ओमेगा-३ आम्ल प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमसाठी अ‍ॅरॅकिडॉनिकशी झगडतं, म्हणून नुसता ओमेगा-३चा मारा करूनही भागत नाही. बहुतेक समुद्री माशांना ही आम्लं तयारच मिळावी लागतात. रोहू-कटल्यासारखे कार्प मासे ती लिनोलिक (ओमेगा-६) आणि लिनोलेनिक (ओमेगा-३) आम्लांपासून स्वतः बनवू शकतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाच्या खाद्यात ही दोन्ही प्रत्येकी सुमारे १ टक्का लागतात.

शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा समभाग, हे आपलं नेहमीचं खाद्य. त्यात लिनोलिक असतं, लिनोलेनिक जवळपास नसतंच. कोंडा तेल काढलेला असेल तर लिनोलिकचीही चणचण. विदर्भात यावर सोपा उपाय आहे तो जवसाचा. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक असतं, म्हणजे १०० किलो खाद्यात २ किलो तेल घातलं की १ टक्क्याचा हिशेब जमतो. तळ्यात ५०० किलो प्रजनक मासे असतील आणि वजनाच्या २ टक्के खाद्य देत असाल, तर रोज १० किलो खाद्याला २०० ग्रॅम तेल. याहून जास्त नको; मादीच्या पोटात चरबी साठते आणि पोट फुगलेलं दिसलं तरी अंडी मिळत नाहीत. जवसाची ढेपही चालते, पण थोडीच आणि उकळून, कारण तिच्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात.

तेल घाण्याचंच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ तेल रंगकामाचं असतं, त्यात ते लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. जवसाचं तेल हवेत वाळतं म्हणूनच ते रंगात जातं, आणि त्याच गुणामुळे ते लवकर खवटही होतं. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात ठेवलेलं तेल वाया गेलंच म्हणून समजा. लहान बाटल्या भरून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. तेल खाद्यात रोज ताजं कालवा आणि किलोभर खाद्यामागे १०० ते २०० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व घाला. खवट तेलाचा फटका नरालाही बसतो: शुक्राणूंच्या आवरणात हीच नाजूक आम्लं असतात.

जिऱ्याची मर झाली की लगेच खाद्याला दोष देऊ नका. प्रजननानंतर चार-पाच तासांनी काचेच्या बशीत दोनशे अंडी मोजा. पांढुरकी, म्हणजे न फळलेली, जास्त निघाली तर आधी नर, इंजेक्शनची वेळ आणि पाण्याचं तापमान तपासा. अंडी पारदर्शक, उबवणही चांगली, पण पिल्लं वाकडी निघतात किंवा बलक संपताच तळाशी बसून मरतात, तेव्हा आईच्या खाद्यावर संशय घ्यावा.

चौथ्या दिवसापासून ही आम्लं प्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून येतात. डायटम शेवाळात ईपीए असतं. प्राणी-प्लवकांपैकी कोपेपॉड डीएचएने संपन्न, डॅफ्निया-मोइना या पाणपिसवांत ते फार कमी. पण सायक्लॉप्ससारखे मोठे कोपेपॉड जिऱ्याला चावतात, म्हणून सुरुवातीला रोटिफर हे अगदी लहान प्लवक आणि बारीक मोइना असलेलं पाणीच बरं. संवर्धन तळ्यातलं ५० लिटर पाणी प्लवक जाळीतून गाळल्यावर दीड ते दोन मिलिलिटर प्लवक खाली बसलं, तर जिरं सोडायला हरकत नाही.