बारा नंबरची शेवंती

जालना परिसरात कपाशीच्या बीजोत्पादनाचे प्लॉट घेणाऱ्यांना 'क्रॉसिंग' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दुपार कलली की बाया ओळींत शिरतात, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरतात आणि अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या पुंकेसरांसकट सोलून काढतात. सकाळी नराचं फूल तिच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर फिरवलं की संकर झाला. या कामात हयात घालवलेल्या एका मावशींच्या हातात मी शेवंतीचं फूल दिलं आणि म्हटलं, याचं क्रॉसिंग करायचंय. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, दोन पाकळ्या उपटल्या आणि म्हणाल्या, "ह्यात खुडायचं काय भाऊ? नर तर कुठं दिसंनाच."

मावशींचं निरीक्षण अचूक होतं. आपण जिला शेवंतीची पाकळी म्हणतो ती पाकळी नसून एक अख्खं फूल असतं. सूर्यफूल, झेंडू, करडई यांच्याच कुळातली ही शेवंती. तिचं एक फूल म्हणजे शेकडो बारक्या फुलांची वस्ती. कडेची लांब पाकळीवाली ती किरणपुष्पं आणि मधल्या पिवळ्या टिकलीतली ती बिंबपुष्पं. किरणपुष्पांत नुसती मादी असते, पुंकेसर नसतातच. बिंबपुष्पांत नर-मादी दोन्ही असतात, पण भरगच्च फुलाच्या जातीत ती थोडकीच आणि पार तळाशी दडलेली. म्हणून परागासाठी नर निवडायचा तो एकेरी किंवा अर्धदुहेरी फुलाचा, ज्याची टिकली उघडी दिसते.

मादी फुलाला मात्र हजामत लागते. कुक्षी पाकळीच्या नळीत खोल बसलेली असते, तिथवर कुंचला पोचत नाही. नखं कापायच्या कात्रीनं मी सगळ्या पाकळ्या बुडाशी अर्धा सेंटिमीटर ठेवून छाटल्या. देखणं फूल दोन मिनिटांत दाढीच्या ब्रशासारखं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्या खुंटांतून इंग्रजी वायच्या आकाराच्या कुक्षी वर आल्या, दोन फाटे पसरलेल्या. सकाळी दहानंतर, ऊन चढून पराग मोकळा झाल्यावर, बारीक कुंचल्यानं तो त्यांच्यावर टेकवला. फुलं बाहेरून आत अशी टप्प्याटप्प्यानं पक्व होतात, त्यामुळे एक दिवसाआड तीनदा हेच केलं आणि प्रत्येक वेळी वर बटरपेपरची पिशवी बांधली.

पिशवी बांधायची ती परक्या परागाच्या भीतीनं. स्वतःच्या परागाची शेवंतीला फारशी फिकीर नाही, ती तो सहसा नाकारतेच. कुक्षी आपल्याच परागाला ओळखते आणि रुजू देत नाही. यातली गंमत अशी, की शेवंतीची लागवड बियांपासून होत नाही, ती काश्यांपासून, म्हणजे बुडाशी फुटणाऱ्या कोंबांपासून, किंवा शेंड्यांच्या छाटकलमांपासून होते. म्हणजे एकरभर 'राजा' जातीची शेवंती लावली तरी जनुकांच्या हिशेबानं ते एकच झाड एकरभर पसरलेलं असतं. त्या एकरात मधमाश्या दिवसभर राबल्या तरी बी धरण्याची आशा धरू नये.

इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम झालं. मग माझी चूक. पिशव्यांना अडकवलेल्या चिठ्ठ्या मी स्केचपेननं लिहिल्या होत्या. डिसेंबरात अवकाळी पावसाची एक सर आली आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर निळा ओघळ तेवढा राहिला. कुंडी ओळखीची असल्यामुळे आई कळली, पराग मात्र दोन झाडांचा वापरला होता, त्यातला बाप कोण ते आजतागायत ठरलेलं नाही. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर रंगीत दोरे का बांधतात, ते तेव्हा उमगलं. पेन्सिलही चालली असती.

वाळलेल्या फुलातून एक्केचाळीस बिया निघाल्या, सव्वीस उगवल्या. सव्वीस रोपं म्हणजे सव्वीस तऱ्हा. कोय लावून केशर आंबा मिळत नाही, कलमच बांधावं लागतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. शेवंतीत हा प्रकार कैक पटींनी होतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतल्या शेवंतीत नऊ-नऊ गुणसूत्रांचे बहुधा सहा, म्हणजे एकूण ५४; काही जातींत दोनचार कमी-जास्तही. सहा गड्ड्या पिसून पत्ते वाटल्यावर दोन डाव सारखे कसे येतील? बहुतेक रोपं सुमारच निघतात. माझीही निघाली: कोणाचे दांडे लुळे, कोणाचं फूल कमरेत वाकलेलं, एकाची पानं भुरीनं पांढरी. बारा नंबरच्या कुंडीपाशी मात्र मी थांबलो.

तिच्या पाकळ्या नळीसारख्या, टोकाशी चमच्यासारख्या उघडलेल्या. चमच्याची आतली बाजू पिवळी, बाहेरची तांबूस. हा तांबूस रंग म्हणजे दोन रंगद्रव्यांची भागीदारी आहे: गाजरातल्यासारखी पिवळी कॅरोटिनॉइडं आणि जांभळट-गुलाबी अँथोसायनिन. एकावर एक चढली की डोळ्याला तांब्या-पितळेची छटा दिसते. पांढऱ्या शेवंतीची गोष्ट याहून मजेची. ती पांढरी असते ती पिवळं रंगद्रव्य बनवता येत नाही म्हणून नव्हे. ती ते बनवते आणि एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं लगेच मोडूनही टाकते. जपानी संशोधकांनी हे २००६ मध्ये दाखवलं. ते मोडणारं जनुक एखाद्या फांदीत बंद पडलं की पांढऱ्या झुडपावर अचानक पिवळी फुलं येतात. आमच्याकडे अशा फांदीला 'देवाची करणी' म्हणतात आणि पूजेत आधी तीच फुलं वाहतात. शहाणा माळी ती फांदी काढून रुजवतो; जगभरातल्या कितीतरी जाती अशाच फांद्यांतून निघाल्यात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं तर कोबाल्टच्या गॅमा किरणांचा बेताचा मारा देऊन असे बदल मुद्दाम घडवले.

निळी शेवंती मात्र क्रॉसिंगनं कधीच मिळाली नसती, कारण निळ्या रंगासाठी लागणारं जनुकच शेवंतीच्या गाठीशी नाही. २०१७ मध्ये जपानमध्ये ती बनवली गेली तेव्हा दोन जनुकं बाहेरून उसनी घ्यावी लागली. त्यातलं एक आपल्या गोकर्णीचं. कुंपणावर रानोमाळ चढणारी गोकर्ण!

असो. बारा नंबर मला आवडली होती, पण आवडली म्हणून जात होत नाही. जात ठरते ती वर्णनानं, आणि वर्णनाच्या तक्त्यात 'सुंदर' असा रकाना नसतो. झाडाची उंची, दांड्याचा रंग, पानाच्या सर्वांत खालच्या दोन खंडांमधली खाच किती खोल, फुलाचा व्यास, किरणपुष्पांची संख्या, त्यांची वाकण आत की बाहेर, नळीची लांबी, चमच्याची रुंदी, टिकली कधी दिसू लागते. अमेरिकेतल्या शेवंतीवाल्यांनी फुलांच्या ठेवणीचे तेरा वर्ग पाडलेत. त्यात चमचा, नळी, कोळी, गोंडा असे वेगवेगळे वर्ग आहेत. पाकळ्या मोजायला एका रविवारी मी जुनं वर्तमानपत्र पसरून बसलो आणि तीन फुलं सोलली: १४३, १५१, १३८. घरातल्यांना वाटलं, याचं काहीतरी बिनसलंय.

सगळ्यात अवघड रंग. मराठीत रंगांना तोटा नाही: हळदी, लिंबोणी, शेंदरी, अबोली, मोतिया. पण माझी हळदी आणि तुमची हळदी एक असेल याची खात्री कोण देणार? म्हणून जगभर लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता वापरतात. पंख्यासारख्या उलगडणाऱ्या पट्ट्या, नऊशेहून जास्त छटा, प्रत्येकीला क्रमांक. एका परिचित प्राध्यापकांकडे तो होता. ट्यूबलाइटखाली पट्टी जुळवून मी खुशीत आकडा लिहिणार, तेवढ्यात त्यांनी फूल हिसकावलंच. "उत्तरेच्या खिडकीत चला." तिथल्या सावलीतल्या उजेडात तेच फूल दोन पट्ट्या पलीकडे गेलं.

त्यात आणखी एक मेख. परभणीचा पारा दहाच्या खाली उतरतो त्या दिवसांत बारा नंबरचा तांबूसपणा गडद होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात उमललेली फुलं जवळपास पिवळीच. थंडीत अँथोसायनिन जास्त साठतं, उष्णतेत विरतं. तेव्हा रंगाशेजारी तारीख आणि रात्रीचं तापमान लिहिणं आलं.

फुलण्याच्या तारखेलाही अशीच अट. शेवंती रात्र मोजते. दिवसाच्या लांबीवर वनस्पतींचं फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडलं, आणि रात्र लांबल्यावर कळी धरणाऱ्यांत शेवंती अग्रभागी. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकराच्या जरासा आत. तो आखडत गेला की दसरा-दिवाळीपासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत शेवंतीचे ढीग लागतात. पण ही रात्र सलग हवी. मध्येच उजेड पडला तर तिचा हिशेब चुकतो. माझ्या दोन कुंड्या गल्लीतल्या खांबावरच्या दिव्याखाली होत्या. बाकीच्या फुलून वाळल्या, तरी या दोघी हिरव्यागार. त्यांची नोंद मी खोडून टाकली.

बारा नंबरच्या काश्या काढून आता दहा कुंड्या केल्यात. दहाही सारख्या दिसल्या तर 'एकसारखेपणा', पुढच्या पिढीतही तशाच राहिल्या तर 'स्थिरता', आणि माहीत असलेल्या कोणत्याही जातीहून निदान एका ठळक लक्षणात निराळी असली तर 'वेगळेपणा'. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ हेच मागतो आणि शेतकऱ्यालाही अर्जदार होऊ देतो. मिळालं तर संरक्षण १५ वर्षांचं. अर्जात आईबापांची माहिती द्यावी लागते. तिथे पुन्हा तो निळा ओघळ आडवा येतो.

नावाचाही घोळ आहे. नुसता आकडा नाव म्हणून चालत नाही, तेव्हा 'बारा' बाद. घरात 'गोदावरी' ठरलं होतं, पण स्थळवाचक नावाला कायदा सहसा राजी नसतो. नावांचे असले घोटाळे शेवंतीला नवे नाहीत. हिंदीत सेवती म्हणजे गुलाब, आणि आपली शेवंती तिकडे गुलदाउदी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर १९६१ मध्ये तिला क्रिसँथेमममधून उचलून डेंड्रँथेमा या प्रजातीत बसवलं आणि १९९९ मध्ये परत आणलं.

चौथी अट 'नवीनता'. तिच्यात मी जवळजवळ फसलो होतो. अर्जाच्या तारखेपूर्वी एका वर्षाहून आधी त्या वाणाचा माल भारतात विकला गेलेला नसावा. रोपंच नव्हेत, तोडलेली फुलंसुद्धा. गेल्या मार्गशीर्षात कुंड्या ओसंडल्या तेव्हा मी दीड किलो फुलं आडत्याकडे देऊन आलो होतो. त्यानं मूठभर फुलं हातात घेऊन पाहिली, "राजाबी नाही, रेवडीबी नाही" अशी ओळखीच्या जातींची नावं पुटपुटला आणि बाकीच्या ढिगात लोटून दिली. त्यानं दिलेल्या विक्रीच्या पट्टीवर लिहिलंय: शेवंती मिक्स, १.५ किलो, आणि खाली तारीख. ती पट्टी मी बारा नंबरच्या वहीला पहिल्या पानावर टाचून ठेवलीय. वर्ष तिथून मोजायचं.