तैलरंगातली भाजी आणि 'स्थिरचित्र' नावाचा गुंता

सोळाव्या शतकाच्या मध्यास अँटवर्पच्या चित्रकारांनी बाजाराची दृश्यं रंगवताना भाज्यांचे ढीग पुढे आणले आणि बायबलमधला प्रसंग मागे सारला. १६०२च्या सुमारास स्पेनमधल्या टोलेडोत दोरीला टांगलेलं क्विन्स हे फळ आणि कोबी, कापलेलं खरबूज आणि काकडी एवढ्यावरच अख्खं चित्र उभं राहिलं. त्या चित्रातल्या काळ्या खिडकीसमोर आजही थबकायला होतं.

खरा घोळ अशा निर्जीव वस्तूंच्या चित्रांच्या नावाचा. सतराव्या शतकात डचांनी 'स्टिललेव्हन' हा शब्द रूढ केला. त्यांच्या चित्रशाळांत 'लेव्हन' म्हणजे समोर ठेवून रंगवायचा नमुना. तो हलत नाही, म्हणून 'स्टिल'. फ्रेंचांनी पुढे त्यालाच 'मृत निसर्ग' म्हटलं. त्याआधीच, १६६७मध्ये, पॅरिसच्या कला अकादमीने विषयांची उतरंड मांडून निर्जीव वस्तूंना तळाशी बसवलं होतं. हा निर्णय अन्यायाचाच होता. पानकोबीच्या शिरांवरचा उजेड पकडणं राजाच्या झग्यापेक्षा सोपं नाही.

आपल्याकडे १८५७नंतर मुंबईच्या कलाशाळेतून ब्रिटिश धर्तीचं वास्तवदर्शी शिक्षण रुजलं आणि मराठीत 'स्थिरचित्र' व 'वस्तुचित्र' असे दोन शब्द झाले. शाळेतल्या ग्रेड परीक्षांमुळे ते घराघरांत पोचले. पण स्थिर काय, चित्र की भाजी? चित्र तर प्रत्येकच स्थिर असतं. आणि मेथीच्या जुडीला 'वस्तू' म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून की काय, स्टुडिओत सगळे सरळ 'स्टिल लाइफ' म्हणतात. मला 'वस्तुचित्र' त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण तो निदान समोरच्या गोष्टीकडे बोट दाखवतो.

परीक्षेचं चित्र जलरंगात, काही तासांत संपतं. जवसाच्या तेलातला रंग मात्र वाळायला दिवस घेतो आणि तोवर पालेभाजी माना टाकते. त्यामुळे तैलरंगात काम करणारे आधी कोथिंबीर, देठ, पानं उरकतात; भोपळा, कांदा, बटाटा शेवटी. वांग्याचा जांभळा तर एका हातात येतच नाही. खाली गडद थर, तो वाळला की वर पारदर्शक रंगाचा पातळ हात.

१८४१मध्ये रंगाची धातूची नळी आली आणि रंग घोटण्याचं काम कमी झालं. अलीकडे भाजी सुकण्याची अडचण टाळायला वर्गांत प्लास्टिकची वांगी-टोमॅटो मांडतात, नाहीतर मोबाइलवरचा फोटो समोर ठेवतात. प्लास्टिकच्या टोमॅटोत उजेड आत शिरत नाही, वरूनच परततो. त्यावर हात बसलेल्या विद्यार्थ्याचा खरा टोमॅटोही मग रंगवलेल्या चेंडूसारखा दिसतो.