‘पाहू पुढच्या साली’मागचा इतिहास

कापसाची शेवटची वेचणी झाली, विकल्या मालाचा चुकारा हातात आला, देणी फेडून काय उरलं ते कळलं की वऱ्हाडात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘जाऊ दे, पाहू पुढच्या साली.’ बाहेरच्याला ही हार वाटते. बोलणारा मात्र तेव्हा पऱ्हाट्या उपटत असतो.

मनातल्या अपेक्षेचा इथे जाहीर सोहळाही होतो. बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, भोवती 18 धान्यांची मांडणी. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे ढेकूळ किती भिजलं, कुठला दाणा जागचा हलला, यावरून पावसापाण्याचं भाकीत सांगतात. ते खरं ठरो न ठरो, पुढच्या वर्षी गर्दी असतेच.

पण भाव कुठल्या घागरीत पाहायचा? 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपलं, भाव कोसळले. आभाळाकडे बघणाऱ्या माणसाला तेव्हापासून लिव्हरपूलकडे, म्हणजे इंग्लंडातल्या कापसाच्या बाजाराकडेही बघावं लागलं. एका अनिश्चिततेच्या दोन झाल्या. वर 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ.

याच काळात अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा देबू लहानाचा मोठा झाला. पुढे तो गाडगेबाबा म्हणून ओळखला गेला. घरदार सोडून 1905 मध्ये खराटा घेऊन निघालेला हा माणूस विरक्तीचं उदाहरण म्हणून सांगितला जातो, ते ठीकच. पण मामाची जमीन बळकावायला सावकार आला तेव्हा हाच देबू त्याला आडवा गेला होता, ही गोष्ट कीर्तनातून बरेचदा गळते. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हा तुकोबांचा चरण शेतकऱ्याला ऐकवणारे लोक सहसा कापूस विकत नसतात.

फळाची आशा सोडण्याचा विचार विदर्भात सगळ्यात खोल रुजवला तो विनोबांनी. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये दर रविवारी त्यांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. साने गुरुजी ती उतरवून घेत. पण मला प्रवचनांपेक्षा पुलावरचा प्रसंग जास्त बोलका वाटतो. 1938 साली विनोबांचं वजन 88 पौंडांवर आलं होतं. गांधीजींना काळजी लागली. कुठे थंड हवेच्या ठिकाणी जा, म्हणाले. विनोबा गेले वर्ध्याजवळच पवनारला. गाडी धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा ते तीनदा म्हणाले, ‘संन्यस्तं मया’. सोडलं मी. संस्था, कामं, त्यांची चिंता, सगळं.

आणि मग? कुदळ घेतली. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं खणलं, पुढे हळूहळू वेळ वाढवला. दहा महिन्यांत वजन 128 पौंड झालं. खणताना भरत-रामाच्या भेटीची मूर्ती हाती लागली, ती आजही आश्रमात आहे. मूर्तीसाठी कुणी खणत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच पवनारपासून फार दूर नसलेल्या दत्तपूरला 19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको-मुलांसह जीवन संपवलं. शेतकरी आत्महत्यांचा इतिहास तिथून मोजतात. दर 19 मार्चला लोक अन्नत्याग करतात. इथे अभंग पुरत नाही, आणि तो पुरतो असं कुणी सांगूही नये. पॅकेजं आली, कर्जमाफ्या आल्या. मनाकडे लक्ष जायला मात्र बराच वेळ लागला. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे आधी 4.3 टक्के होते, नंतर 27.2 टक्के झाले. गावातल्याच कुणीतरी दारात येऊन बसायचं, विचारायचं, ऐकायचं, बरंचसं काम एवढंच.

आमच्या मोठेबाबांनी मागे एका साली दुबार पेरणी केली. ‘येईन तं येईन, नाई तं नाई,’ म्हणाले आणि निवांत झोपले. ऑगस्टात वावरात पाणी साचलं तेव्हा मात्र त्या वेळच्या नियमाप्रमाणे 72 तासांच्या आत पीकविम्याची तक्रार नोंदवून आले. पावती पेटीत आहे, मोठ्याआईच्या लुगड्याच्या घडीत.